सिंधूआत्याचा भाता

सिंधूआत्या कामठा कधी भिंतीला टेकवून ठेवत नाही. तिच्या घरात दारावर दोन खुंट्या आहेत. त्यांवर तो आडवा असतो, दोरी सैल केलेली, भात्याची बाजू वर. कामठा म्हणजे धनुष्य. आमच्याकडे धनुष्य देवाच्या हातात असतं, माणसाच्या हातात कामठा.

भाता पाठीवर असतो, हे चित्रं बघून सगळ्यांना ठाऊक झालेलं आहे. आत्याचा भाता कामठ्यालाच बांधलेला आहे. मुठीच्या वर अर्ध्या भोपळ्याचं टोपण, त्यात दाबून भरलेली काळी लोकर. मुठीच्या खाली ट्रकच्या ट्यूबचा रुंद पट्टा, त्याला पाच चिरा. बाणांची डोकी टोपणात रुततात, दांडे चिरांत अडकतात आणि पिसं खाली मोकळी राहतात. गेल्या अकरा वर्षांत तिचे दोन कामठे झिजून गेले. भाता मात्र तोच, एकावरून सोडून दुसऱ्यावर बांधलेला.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. औंढ्याच्या मागच्या डोंगरात, वीस-बावीस उंबऱ्यांच्या एका वाडीत तिला दिलं. वाडी सगळी मेंढरंवाल्यांची. थोडी कोरडवाहू जमीन, बाकी सगळा जीव मेंढरांत. दिवाळी झाली की कळप डोंगर उतरतात. कयाधूच्या काठानं आखाडा बाळापूर, तिथून वारंगा फाटा, आणि फाट्याच्या पलीकडच्या काळ्या रानांत चार महिने. शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतात, लेंडीखत मिळतं म्हणून. होळीच्या सुमाराला कळप परत येतात. इतक्या कळपांत आपलं मेंढरू ओळखू यावं म्हणून प्रत्येकाची खूण ठरलेली. वाडीतले बहुतेक गेरूचा पट्टा ओढत. आत्याच्या घरची खूण निळीची होती, पाठीवर रुपयाएवढा टिपका. एकशेवीस मेंढरं डोंगरावरून उतरू लागली की काळ्या पाठींवर तेवढे निळे टिपके हलताना दिसत.

सत्त्याण्णव सालच्या पावसाळ्यात माझे मामा, म्हणजे आत्याचे मालक संपतराव, शेळ्यांसाठी पाला तोडताना बाभळीवरून पडले. मांडीचं हाड मोडलं. नांदेडला नेऊन सळई घातली, काठी आली, पण दिवसाला सहा-सात कोस चालणं संपलं. पोळा झाला तशी वाडीतल्या लोकांनी विचारायला सुरुवात केली, यंदा निळीचा कळप कोण नेणार.

सोनाजी वाडीत सगळ्यांत वडील. कळप त्यांचाच मोठा आणि शब्दही त्यांचाच. ते एका सकाळी येऊन ओट्यावर बसले.

"संपत, तुझी मेंढरं माझ्यात घाल. चार म्हैने माझ्यासंगं ऱ्हातील. दोन कळपाला दोन खुणा काय कामाच्या? गेरू वढून टाकू."

आत्या चुलीपुढं होती. भाकरी तव्यावर टाकून ती दाराशी आली, डोईवरचा पदर सावरला.

"मामा, मी घेऊन जाते."

वाडीत सासऱ्याच्या वयाच्या माणसाला सुना 'मामा'च म्हणतात. सोनाजी हसले. वाईट हसले नाहीत. लेकराच्या बोलण्यावर हसावं तसे हसले.

"तू? आगं, वाटंत लांडगा हाय, कुत्री हायेत, फाट्यावर ट्रका हायेत. अन् तुला गोफण तरी येती का?"

"गोफण न्हाई येत. तीरकामठा येतो."

"व्हय, तुझ्या बापाचं खूळ."

माझे आजोबा सटवाजी, आत्याचे वडील, शेजारच्या आदिवासी वस्तीतल्या मित्राकडून तीरकामठा शिकले होते. मुलगा वहीपुस्तकात रमला, म्हणून त्यांनी मुलीला शिकवलं. टोकाचे बाण त्यांनी तिच्या हाती कधी दिले नाहीत. बाभळीच्या गाठीचं बोथट डोकं असलेले ठोकणीचे बाण दिले. लांडग्याच्या बरगडीवर बसला तर तो कोकलत पळतो, मरत नाही. "जीव घ्यायचा न्हाई," ते म्हणत, "आपलं रान सांगायचं त्येला."

सोनाजींनी काठी टेकली. "मंग मडकी फोड. सगळे फोडतात, तू बी फोड. फुटली तर निळीचा कळप तू ने. न्हाई फुटली तर गेरू."

मडकी फोडणं ही त्या वाडीची रीत. दिवाळीनंतर कळप निघण्याच्या आदल्या दिवशी बिरोबाच्या माळावर एका खडकावर दोन मडकी ठेवतात. कळप नेणाऱ्यानं आपल्या मेंढरांच्या मधोमध उभं राहायचं, अंगावर एक कोकरू घ्यायचं, कारण वाटेत कुठलं ना कुठलं दमलेलं कोकरू अंगावर असतंच. मग तीन दगड. तीन दगडांत दोन्ही मडकी फुटली पाहिजेत आणि मेंढरं उधळता कामा नयेत. एका हातानं कोकरू धरून दुसऱ्या हातानं गोफण फिरवणं पुरुषांना सवयीचं होतं.

तीरकामठ्याला मात्र दोन्ही हात लागतात.

कोकराचं आत्यानं चटकन सोडवलं. पदराचं टोक पाठीवर घेऊन झोळी केली, त्यात कोकरू, गाठ छातीवर. बायका लेकरं बांधतात तसं. पण मग बाण कुठं?

आजोबांचा भाता म्हणजे बांबूचं नळकांडं, पाठीवर टाकायचं. पाठीवर आता कोकरू होतं. तिनं तो खांद्यावरून तिरका लटकवून पाहिला. कोकरू लाथा झाडी, बाण खडखडत, आणि ओढ्यावर पाणी प्यायला वाकली तेव्हा चार बाण डोक्यावरून पाण्यात गेले.

मग तिनं तो कमरेला बांधला. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी ती भाकरी खायला बसली आणि उठून बघते तर तीन बाणांची पिसं गायब. कळपातली कानकापी शेळी तोंड हलवत उभी होती. पिसं कोंबड्याची, सरसानं चिकटवलेली. सरस तिला आवडला असावा.

मामा ओट्यावरून म्हणाले, "लांडग्याच्या आधी शेळीलाच बाण मार."

"तुमचीच लाडकी हाय ती."

"म्हणून तर. सवय लागली तर पुढच्या साली कामठा बी खाईल."

कमरेच्या उंचीवर भाता ठेवणं म्हणजे शेळ्यांपुढं ताट वाढून ठेवणं, हे मेंढरंवालीला आधी कळायला हवं होतं. आत्या अजून स्वतःवर हसते. पण त्याच संध्याकाळी तिला सुचलं. शेळीच्या तोंडापासून, कोकराच्या पायांपासून आणि कमरेला खोचलेल्या विळ्यापासून दूर अशी अंगावर एकच जागा होती. हातात धरलेला कामठा.

पहिल्यांदा तिनं बाण कामठ्याच्या वरच्या अंगाला लोकरीच्या दोऱ्यानं आवळून बांधले. कामठा ओढला तर निम्माच वाकला. बाण वीस पावलांवर मातीत. दुसऱ्यांदा ओढला तेव्हा बांबूत बारीक आवाज झाला. तिनं लगेच सोडून बोटानं चाचपलं. चीर नव्हती, पण तिला कळलं. कामठा जिथं वाकतो तिथं त्याला बांधायचं नाही. मुठीजवळ वीतभर जागा वर आणि वीतभर खाली तो ताठ असतो. भाता तेवढ्यात मावला पाहिजे.

मग बाजू. तिचा बाण कामठ्याच्या डाव्या अंगानं सुटायचा, म्हणून भाता उजवीकडं. मग डोकी धरायला काय? पत्र्याचा डबा वाजला. कातड्याची पिशवी दवात भिजून मऊ पडली. शेवटी बियाणाला ठेवलेला भोपळा तिनं आडवा चिरला, वरचा भाग घेतला, त्यात लोकर भरली. बाण आत गेले की अजिबात आवाज नाही. आवाज झाला तर मेंढरं मान वर करतात आणि मेंढरांनी मान वर केली की लांडग्याला कळतं.

खालून दांडे धरायला लवचीक काहीतरी हवं होतं. दोरीनं बांधले तर वेळेला सुटत नाहीत, नुसते खोचले तर चालताना गळतात. त्यासाठी ती जीपनं वारंगा फाट्याला गेली. तिथं प्रभूचं पंक्चरचं दुकान. दर साली कळप फाट्यावरून जाताना त्याच्याकडं पाणी मिळे, म्हणून घरची ओळख होती.

"या बाई. सायकल कुठंय?"

"सायकल न्हाई. ह्ये हाय." तिनं फडक्यातून कामठा काढला.

प्रभू दोन पावलं मागं सरला. "बाई, मी काही केलं का?"

"मेल्या, ट्यूबचा तुकडा दे. जाड पायजे."

त्यानं चार तुकडे पुढं टाकले. सायकलच्या ट्यूबनं बाण सैल धरले. ट्रॅक्टरच्या ट्यूबनं इतके घट्ट, की ओढताना कामठाच हातातून फिरला. ट्रकची ट्यूब बराबर बसली. प्रभूनं तापलेल्या सुरीनं चिरा पाडल्या, एकेक बाण स्वतः अडकवून आणि काढून पाहिला. शेवटचा बाण काढताना तो म्हणाला, "पिसं दोरीला लागून राहिली. पट्टा बोटभर बाहेर घ्या."

त्यानं मध्ये रबराची घडी घातली. पिसं आणि दोरी यांच्यात बोट जाईल एवढी फट पडली. आत्यानं बाण काढला, लावला, परत काढला. खाली न बघता हात बाणावर जात होता.

"आता एकच करा," प्रभू म्हणाला. "कुठून घेतलं विचारलं तर माझं नाव सांगू नका. उद्या पोलीस म्हणतील, फाट्यावर तोफखाना निघाला."

उरलेला महिना तिनं रोज सराव केला. पाठीवर कोकरू, हातात पाच बाणांचा कामठा. पाच बाणांचं वजन उजवीकडं ओढतं, म्हणून मनगट थोडं डावीकडं धरायचं, हे हाताला समजायला आठ दिवस लागले. मग बाण जायचा तिथंच जाऊ लागला. ती एक बाण मारी, चालत जाऊन घेऊन येई, भात्यात खोची, मग पुढचा मारी. वस्तू रानात पडू द्यायची नाही, ही मेंढरंवालीची सवय. सवय चांगली होती. तिच्यात एक खोट होती आणि ती आत्याला बिरोबाच्या माळावर कळली.

त्या दिवशी माळावर सगळी वाडी आली होती. मीही वडिलांबरोबर गेले होते. गोफणवाल्यांची मडकी आधी फुटली, एका जणाची तिसऱ्या दगडाला. मग खडकावर नवी दोन ठेवली आणि आत्या आपल्या मेंढरांत जाऊन उभी राहिली. मामा काठी टेकून कडेला. त्यांच्या दुसऱ्या हातात निळीची वाटी होती. टिपके लावायचे ते मडकी फुटल्यावर. मेंढरांच्या पाठी तोवर कोऱ्या होत्या, आणि सोनाजींच्या माणसानं गेरूचं घमेलंही शेजारीच आणून ठेवलं होतं.

सोनाजी जवळ आले, भात्याकडं वाकून पाहिलं.

"ह्ये काय, भोपळा?"

"भाता हाय, मामा."

"कालवण करून राहिली का काय!" लोक हसले. सोनाजींनी बाण मोजले. "पाच कसे? सगळ्यायला तीन, तुला बी तीन." त्यांनी दोन बाण काढून स्वतःच्या हातात धरले. आत्यानं मान हलवली. तिला ते न्याय्यच वाटलं.

तिनं पहिला बाण काढला, लावला, ओढला. मेंढरं खाली मान घालून चरत होती. बाण सुटला आणि डाव्या मडक्याच्या हातभर डावीकडून निघून गेला.

कुणीतरी शीळ घातली. कुणीतरी म्हणालं, "गेरू कालवा रं."

आता दोन बाण आणि दोन मडकी. एकही चुकवून चालणार नव्हतं. आत्यानं दुसरा बाण काढला नाही. ती तशीच उभी राहिली, कामठ्याकडं बघत. तिनं तो डाव्या हातात तोलला, एकदा, दोनदा. मामा ओरडले, "काहून थांबली?"

ती सांगते, तेव्हा तिला पहिल्यांदा लक्षात आलं की महिनाभरात तिनं असा रिकामा भाता कधी धरलाच नव्हता. एक मारायचा, आणून खोचायचा. बाण सुटताना भात्यात नेहमी चार उरलेले. आज दोनच होते. उजवीकडचं ओझं निम्मं झालं होतं, आणि मनगट मात्र चारांच्या हिशोबानं डावीकडं वळत होतं. दुसरा बाण काढला की एकच उरणार, बाण आणखी डावीकडं जाणार. मनगटाला नवं शिकवायला आठ दिवस लागले असते.

खडकाळ माळावर तरवड खूप. ती दोन पावलं चालली, एका झुडपाचे ओले, बोटाएवढे जाड फोक मोडले, पाला ओरबाडला, दातांनी शेंडे तोडले. तीन फोक. मग तिनं दुसरा बाण काढून दातांत धरला आणि रिकाम्या चिरांत ते फोक बसवले. वर भोपळ्यात, खाली रबरात. कामठा पुन्हा तोलून पाहिला.

सोनाजी पुढं आले. "ए, फोकानं मारून नाही चालायचं."

तिनं बाण दातांतून हातात घेतला. "फोक मारीत न्हाई, मामा. फोक बसलेत नुसते. बाण मोजा, दोनच हायेत."

सोनाजींनी खरंच मोजले. भात्यात एक, तिच्या हातात एक. त्यांनी भात्यातले फोकही बोटानं हलवून पाहिले. ते घट्ट होते. ते मागं सरले.

पाठीवरचं कोकरू झोपलं होतं. आत्यानं ओढलं. कामठा पुरा वाकला, दोरी गालाला आली. बाण मेंढरांच्या पाठींवरून गेला आणि डावं मडकं फुटल्याचा आवाज एका क्षणानं मागून आला. मेंढरांनी मान वर केली नाही.

आता भात्यात एक बाण आणि तीन फोक. तिनं बाण काढला. एक चीर रिकामी झाली. ती पुन्हा झुडपाकडं गेली, आणखी एक फोक मोडला, तेवढ्याच सावकाश पाला काढला. या वेळी कोणी हसलं नाही. एक म्हातारी तेवढी म्हणाली, "जाड घे गं, त्यो बारीक हाय." ती मंजुळाबाई, सोनाजींची बायको. आत्यानं तो टाकला आणि जाड घेतला.

दुसरं मडकं वरच्या काठाला लागून उडालं. त्याचा एक तुकडा खडकावर गरगरत राहिला आणि मग पडला.

माळावर पहिला आवाज मामांचा झाला. ते हसत होते की रडत, मला त्या वयात कळलं नाही. काठी बगलेत धरून ते पहिल्या मेंढीपाशी पोचले आणि निळीत बोट बुडवलं.

सोनाजी आत्यासमोर उभे राहिले. हातातले दोन बाण त्यांनी उलटसुलट केले, बोथट डोक्यांवरून अंगठा फिरवला. मग स्वतःच्या हातानं भात्यातले दोन फोक काढले आणि त्या जागी दोन बाण बसवले. पहिल्यांदा चीर चुकली. आत्यानं दाखवलं नाही. त्यांना शोधू दिलं.

"खाली रबर कशाचं?"

"ट्रकचं."

"सायकलचं चालत न्हाई?"

"न्हाई. सैल पडतं."

"हं." त्यांनी कामठा हातात घेऊन तोलला, तिनं तोलला होता तसाच. "आमच्या रागिणीला हाताला बसंल असा एक करून दे. धाकटी सून. दगड मारती तर शेजाऱ्याला लागतो."

"शिकवायला लागंल, मामा."

"शिकव की. कोण न्हाई म्हणतंय?"

गेरूचं घमेलं त्यांनी स्वतः उचलून आपल्या कळपाकडं नेलं.

दुसऱ्या दिवशी निळीचा कळप डोंगर उतरला. त्यानंतर अकरा हिवाळे आत्यानं तो नेला. मधल्या काळात हिंगोली जिल्हा झाला, फाट्यावरचा रस्ता रुंद झाला, प्रभूच्या दुकानाला पत्र्याऐवजी स्लॅब आला. रागिणी तिच्याहून चांगली नेमबाज निघाली, हे आत्या स्वतः सांगते. लांडगे सात वेळा आले. सातही वेळा कोकलत गेले. एकाही कोकराचं बरं-वाईट झालं नाही, असं मी म्हणाले तर ती दुरुस्त करते. "एक गेलं. दोन हजार तीनला. पण ते तापानं."

तिची एक सवय वाडीत आता कामठा धरणाऱ्या सगळ्या बायकांची झाली आहे. बाण मारल्यावर तो लगेच आणता आला नाही, तर रिकाम्या चिरेत तरवडाचा फोक. वाटेनं जाताना कुणाच्या भात्यात दोन बाण आणि तीन फोक दिसले, की समजायचं, हिचा आजचा दिवस कामाचा गेला.

गेल्या हिवाळ्यात मी तिच्याबरोबर बाळापूरपासून फाट्यापर्यंत चालले. फाट्यावर दोन्ही बाजूंनी ट्रक उभे होते. आत्या रस्त्याच्या मधोमध थांबली, पाठीवर कोकरू, हातात कामठा उभा धरलेला. एका ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं.

"मौसी, ये क्या है?"

"भाता हाय. थांब जरा."

त्यानं इंजिन बंद केलं. निळ्या टिपक्यांची मेंढरं एकामागून एक रस्ता ओलांडू लागली. शेवटचं मेंढरू पलीकडं पोचेपर्यंत आत्या जागची हलली नाही. मग तिनं भात्यावरून एकदा हात फिरवला, पाची चिरा भरलेल्या आहेत ना ते पाहिलं आणि कळपामागं चालू लागली.